फौजदारांची वही

माझ्या नणंदेला घरात सगळे फौजदार म्हणतात. भाजीवाल्याचा काटा, डॉक्टरची पदवी, माझं सरळ वागणं, कशावरच तिचा विश्वास नाही. लग्न केलं नाही, आमच्याकडेच राहते, आणि पुस्तकबांधणीच्या कारखान्यात सत्तावीस वर्षं छापील पानांचे फर्मे शिवते.

पन्नाशीच्या तोंडावर तिला एकदम भडके यायला लागले. मानेपासून कानापर्यंत लाल, कपडे घामाने ओले, आणि पाच मिनिटांत हुडहुडी. मी म्हटलं, "अगं, पाळी जाताना होतं असं. मलाही झालं होतं."

"वहिनी, तुम्हाला मला म्हातारी करायची फार घाई झालीय."

मला राग आला.

तिचा संशय होता सरसवालीवर. ही शेजारच्या टेबलावर विजेच्या शेगडीवर पुस्तकं चिकटवायचा सरस गरम करते. "मला त्रास व्हावा म्हणून मुद्दाम बटण वाढवते," फौजदारांचं म्हणणं. मग वही आली. तीन रकाने: वेळ, काय झालं, कुणी केलं. दोन महिन्यांनी वही मालकांपुढे ठेवून रीतसर तक्रार झाली. मालकांनी कटकट नको म्हणून सरसवालीला सोमवारपासून गोदामात गठ्ठे उचलायला पाठवायचं ठरवलं. सरसवालीचे गुडघे केव्हाच गेलेत, जिना ती कठडा धरून उतरते. गोदामात ती महिनाभरही टिकली नसती.

शुक्रवारी मी फौजदारांना जवळजवळ ओढतच डॉक्टरबाईंकडे नेलं. त्यांनी तपासलं, जुने कागद पाहिले. "पायाच्या शिरेत रक्ताची गाठ झाली होती ना? मग तुम्हाला हार्मोनच्या गोळ्या नकोत."

"म्हणजे उपाय नाही. सरळ सांगा ना."

"आहेत की. सुती कपडे घाला, वरचा पटकन काढता येईल असे. कडकडीत गरम चहा नको. भडका आला की सावकाश श्वास घ्या. नाहीच भागलं तर बिनहार्मोनच्या गोळ्याही आहेत. फक्त नैसर्गिक म्हणून विकतात त्या पुड्या मला विचारल्याशिवाय घेऊ नका."

"छे, त्यात काय घालतात कोण जाणे."

तेवढं दोघींचं पटलं.

"आणि भडका कधी येतो ते लिहून ठेवा."

फौजदारांनी ऐटीत वही काढली. डॉक्टरबाई पानं उलटता उलटता थांबल्या. "कारखाना रविवारीही असतो?"

"नाही."

"मग रविवारी पाच-पाच नोंदी?"

मी मान लांब करून पाहिलं. रविवारच्या तिसऱ्या रकान्यात मीच होते. वहिनी, खिडकी लावली. वहिनी, मुद्दाम गरम वाढलं. इतकी वर्षं एका छपराखाली काढली, आणि मी आरोपी. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

"घरी तर सरसाची शेगडी नाही," डॉक्टरबाई एवढंच म्हणाल्या.

परतताना ती कोपऱ्यापर्यंत माझ्या पुढे चालली. मग म्हणाली, "सोमवारी सरसवालीला गोदामात पाठवतील."

"मग?"

"उद्या सांगावं लागेल. पाळी जातेय म्हणून झालं, असं. सगळ्यांसमोर."

"सांग," मी म्हटलं. माझा राग अजून गेला नव्हता.

शनिवारी तिने सांगितलं, भरल्या कारखान्यात, उभं राहून. मालक छताकडे बघत राहिले, मग म्हणाले, बदली रद्द. सरसवालीने फक्त शेगडी उचलून टेबलाच्या पलीकडच्या टोकाला ठेवली. "एवढी चांगली का वागली?" घरी येऊन फौजदार विचारत होते. "काहीतरी काळंबेरं असणार."

दुसऱ्या दिवशी, रविवारी, ती अंघोळीला गेल्यावर मी वही उघडली. आता संशय मला लागला होता. पानांत शिवणाचा एक दोरा आडवा ठेवलेला, कुणी उघडली तर कळावं म्हणून. तो मी बोटाने धरून ठेवला. रकाने तेच होते, मथळेही तेच. शनिवारपुढे लिहिलं होतं: सरसवाली, शेगडी सरकवली. खाली आजची नोंद. सकाळी नऊ वाजून दहा, भडका. कुणी केलं: वहिनी, न सांगता पंखा लावला.