शिडीवरून गावात

चौसाळ्याच्या जुन्या गल्लीत बसम्माला कुणी कधी ‘चालायला जा’ म्हटलं नव्हतं. दुकान, महादेवाचं देऊळ, पिठाची गिरणी, बहिणीचं घर, सगळं हाकेच्या अंतरावर. दिवसात दहा चकरा सहज व्हायच्या. मग तिच्या नवऱ्याला, वीरभद्रला, बंगल्याची हौस आली.

गावाला लागूनच विठ्ठलरावांनी आपल्या रानात प्लॉट पाडले होते. चारी बाजूंनी पुरुषभर उंच भिंत आणि एकच गेट, तेही हायवेच्या तोंडाला. नव्या घराच्या गच्चीवरून बसम्माला गिरणी दिसायची. गाठायची तर ट्रकांच्या कडेनं दोन किलोमीटर. त्यामुळं वीरभद्र पावशेर मिरच्यांनाही गाडी काढायचा. दोन वर्षांत त्याचं पोट सुटलं, हिची शुगर वाढली आणि डॉक्टरांनी दोघांनाही रोज चालायला सांगितलं. वसाहतीतले रस्ते पन्नास पावलांत संपत. मोकळ्या जागेत विठ्ठलरावांचं कोरडं कारंजं. वीरभद्र मग पहाटे गाडीत बसून, चालण्यासाठी, थेट बीडला जाऊ लागला. बसम्माला त्या प्रकाराची शिसारीच आली.

गावाच्या अंगाला एक फाटक ठेवा, असं तिनं विठ्ठलरावांना दोनदा सांगून पाहिलं. गावातले लोक आत येतील, वसाहतीची शान जाईल, असं त्यांचं म्हणणं. तिचा सगळा जन्म त्याच लोकांत गेला होता. तिनं वाद घातला नाही. अलीकडं रंगाऱ्याची शिडी लावली, पलीकडं बहिणीची, आणि साठाव्या वर्षी पदर खोचून भिंत ओलांडली. आठवड्याभरात तिच्या मागं चार बायका होत्या.

विठ्ठलरावांनी भिंतीवर काचा रोवल्या. बायकांनी काचांवर पोती टाकली. शेवटी ते स्वतःच शिडीखाली येऊन उभे राहिले.

“वहिनी, तुमाला शोभतंय का हे?”

बसम्मा वरूनच बोलली, “कोंडवाडा बांधलाय तुमी. त्यातली जनावरं बी दंड भरला की सुटत्यात. आमी तर पैसे भरून आत आलोत.”

विठ्ठलराव आल्या वाटेनं परत गेले. फाटक काही झालं नाही. बसम्माची शुगर मात्र तीन महिन्यांत उतरली.

एकदा गाडी दुरुस्तीला गेली, तेव्हा वीरभद्रही शिडीशी आला. दोन पायऱ्या चढला, धापा टाकत उतरला आणि घामेजल्या तोंडानं, गुडघा दुखतोय म्हणाला. बसम्मा तोवर पलीकडं उतरलेली होती. ती थांबली नाही.