सहावं वादळ

लखनौच्या आमच्या मराठी मंडळात गणपतीतल्या रांगोळी स्पर्धेला एक नियम आहे. ज्याने रांगोळी काढली त्याने ती दोन मिनिटं मराठीत समजावून सांगायची. इथे जन्मलेल्या मुलांची मराठी टिकावी म्हणून काढलेली ही युक्ती. गेल्या वर्षी माझी लेक, तेव्हा तेरा वर्षांची, सांगताना अडखळली आणि अख्खा हॉल हसला. हसणाऱ्यांत मीही होते. मागच्या रांगेत होते, म्हणून तिला दिसले नसेन असं धरून चालले. त्या दिवसापासून तिने घरात मराठी बंद केली. मी मराठीत विचारायचं, तिने हिंदीत उत्तर द्यायचं.

यंदा मात्र ती आपणहून म्हणाली, "मैं करूँगी. पर टॉपिक मेरा होगा."

विषय होता गुरू ग्रहाच्या दक्षिण ध्रुवावरची वादळं. एका यानाने त्यांचे फोटो काढले आहेत. मधोमध एक गोल वादळ आणि त्याच्याभोवती तशीच पाच. एकेकात अख्खा भारत बसून वर जागा उरेल. वर्षानुवर्षं ती शेजारी शेजारी गरगरताहेत, पण एकमेकांत मिसळत नाहीत. हे सगळं ऐकून मला पहिला प्रश्न पडला तो निळा रंग किती लागेल हा. मी अशीच आहे.

मानक नगरच्या आमच्या क्वार्टरमध्ये आठवडाभर बाथरूमच्या दारामागून तिची मराठी ऐकू यायची. "मध्ये एक, भोवती पाच." मी बाहेर उभी राहून ऐकायचे आणि चाहूल न देता स्वयंपाकघरात परतायचे.

स्पर्धेच्या दिवशी तिने दोरी आणि खडूने वर्तुळं आखली, रंग भरले आणि हात धुवायला गेली. मी रांगोळी निरखली. भोवतीच्या पाचांपैकी दोन वादळांच्या मध्ये फट राहिली होती. आता मी सांगलीकडची. लहानपणी उदबत्तीने कागदाला भोकं पाडून त्यातून ठिपके पाडलेली. त्या कागदात एका ठिपक्याभोवती सहाच बसायचे, पाच कधी बसलेच नाहीत. घाईत पोरीचं काहीतरी चुकलं, असं वाटून मी निळा रंग चिमटीत घेतला आणि फटीत मावेल एवढं एक छोटं वादळ काढून टाकलं. सुबक आलं होतं.

ती परत आली आणि जागीच थांबली. "आई, ये क्या कर दिया आपने? वो गैप असली है. फ़ोटो में है."

"अगं, पण सहा बाजूंचं काहीतरी तूच दाखवलं होतंस ना?"

"वो शनि का तूफ़ान था, आई!"

मी पुसायला वाकले. "छोड़ो, धब्बा दिखेगा," ती म्हणाली. परीक्षक काकू शेजारच्या रांगोळीपाशी येऊन ठेपल्या होत्या. पाठ केलेल्या दोन मिनिटांत मधल्याभोवती पाच वादळं होती आणि जमिनीवर सहा. ही आता निघून जाणार, पुन्हा मराठीत तोंड उघडणार नाही आणि या खेपेला सगळा दोष माझा.

ती गेली नाही. "मध्ये एक, भोवती पाच," तिने सुरुवात केली आणि थांबली. मग म्हणाली, "हे सहावं लहान आहे. ते नंतर आलं. जागा दिसली म्हणून आत आलं. मग यान पुन्हा तिथून गेलं तेव्हा ते नव्हतं."

"कुठे गेलं?" काकूंनी विचारलं.

"माहीत नाही. पण पाच अजून आहेत."

कोणी हसलं नाही. बक्षीस एका मोराला गेलं, त्याचं आम्हा दोघींनाही काही वाटलं नाही.

परतताना ऑटोत मी म्हणाले, "माझी चूक झाकायला थाप मारलीस ना?" तिने फोन पुढे केला. फोटोत त्या फटीच्या जागी खरोखरच एक छोटं वादळ होतं.

"सच में आया था," ती म्हणाली.

"तरी माझं चुकलंच. तुला विचारायला हवं होतं."

तिने फोन परत घेतला. मग म्हणाली, "मागच्या वर्षी तूपण हसत होतीस, मी बघितलं होतं."

वर्षभरात ती माझ्याशी मराठीत बोललेलं हे पहिलं वाक्य. त्यात एकही चूक नव्हती.