कोळी मुतला म्हणून

लेक सात महिन्यांची असताना तिच्या मानेवर पट्ट्यासारखे फोड उठले. सासूबाईंनी एकदा बघून निकाल दिला, "कोळी मुतलाय. डाग द्यावा लागंल, न्हाईतर लेकरू जाईल." फोडांभोवती तापल्या विळ्याचे चटके द्यायची तिथं रीतच होती. कोळ्याला जणू दुसरा उद्योगच नाही!

मला कोळी ओळखता येत होते, वडिलांनी शिकवलेले. कोपऱ्यात जाळ्यावर लांब पायांनी डुलतो तो गरीब. उड्या मारतो तो माश्या धरतो. आणि तळहाताएवढी, चपटी, पोटाखाली पांढरी चकती घेऊन फिरते ती मादी. चकतीत तिची अंडी. ती झुरळं खाते. फार डिवचलं तर चावते, पण त्यानं माणूस मरत नाही. तशी एक आमच्या मांडणीमागं होती आणि मी तिला राहू दिलं होतं.

हे मी बोलून बसले. "घरात कोळी पाळतीस व्हय?" म्हणत नवऱ्यानं चपलेनं हाणलं. ओठ फुटला. सासूबाई चुलीत विळा सारत होत्या.

दवाखान्यात न्यावं तर नामांतराच्या दंगलीमुळं एस.टी. बंद. नवऱ्यानं पोरीचे पाय धरले. ती हसायला लागली, तिला खेळ वाटला. मी सासूबाईंच्या हातातल्या विळ्याचं तापलेलं पातंच मुठीत धरलं. कातडी चरचरली. त्या वासानं नवरा मागं सरला. मी रडले नाही, येत होत्या तेवढ्या शिव्या दिल्या. विळा अंगणात भिरकावला, पोरीला उचललं आणि आतल्या खोलीला कडी लावली.

तीन दिवसांनी एस.टी. सुरू झाली. सासूबाई सोबत आल्याच. पालमच्या डॉक्टरांनी माझा हात बांधता बांधता सांगितलं, "कंदिलावर मुंगीएवढा काळा-नारिंगी किडा येतो ना, तो अंगावर चिरडला की असं भाजतं. कोळ्याचा काही संबंध नाही. आपोआप बरं होतं. डाग दिला असता तर जखम चिघळून लेकरू दगावलं असतं."

सासूबाईंचा पहिला मुलगा असेच फोड उठून गेला होता. कोळ्यानं नेला, असं त्या सांगायच्या. डाग त्यांनीच दिला होता.

घरी येताच त्यांनी मांडणी ओढून पाडली. भांडी घरभर झाली. भिंतीवर पळणाऱ्या कोळिणीवर त्यांनी चप्पल मारली, चकती फुटली, बारीक पिल्लं सगळीकडं पांगली. त्या एकेक चेचत होत्या. भिंतीवर घासून बोटांतून रक्त आलं तरी थांबेनात. "ह्यानंच नेलं माज्या लेकराला. ह्यानंच."

तीन दिवस मला त्या बाईचा गळा दाबावासा वाटत होता. मी डाव्या हातानं दुसरी चप्पल उचलली आणि त्यांच्या शेजारी उभी राहून पिल्लं चेचायला लागले.