शेवंताबाईंचा मोकळा ठिपका

एकाच टपालात दोन गोष्टी आल्या. कुंडलच्या शेवंताबाईंना पाठवलेलं आमचं रजिस्टर पत्र परत आलं, वर पोस्टाचा शेरा: मयत. त्याखाली शेवंताबाईंचंच ताजं पाकीट, आत रांगोळी.

आमचं बायकांचं मासिक सांगलीत निघे, वाचक मात्र इंदूर-कराचीपर्यंत. मी उपसंपादक, रांगोळीचं पान माझं. संपादक म्हणाले, "जाऊन बघून या."

कुंडलला दार शेवंताबाईंच्या सासूनं उघडलं.

"शेवंता गेली, बाई. पटकीनं. सात म्हैनं झालं."

"मग पाकिटं?"

"तिची वही हाय. एकेक पान मीच धाडती. ल्योक बर्मात लढाईवर हाय, तुमचं पुस्तक त्याला जातं. तिचं नाव दिसलं की त्याला धीर येतो. त्यो आला की मी सांगीन. तवर छापा."

मेलेल्या बाईचं नाव छापायचं, हे मला पटेना. पण नाही म्हणवेना.

रांगोळी छापायला आधी ब्लॉक करतात, म्हणजे जस्ताच्या पत्र्यावर ॲसिडनं चित्र उठवतात. त्याआधी चित्र तपासायचं काम माझं. शेवंताबाईंच्या प्रत्येक रांगोळीत एक ठिपका न जोडलेला राही. चूक समजून मी तो शाईनं जोडून टाकी.

वही संपली. मग मीच एक रांगोळी काढली, सगळे ठिपके जोडले आणि खाली तिचं नाव दिलं. अंक आला तर एक ठिपका मोकळा. ब्लॉकमेकर म्हणाला, "ॲसिड जास्त झालं की रेघ जाते." नेमक्या त्याच ठिपक्याच्या चारही रेघा गेल्या होत्या. बाकी छपाई स्वच्छ. माझं मूळ चित्र काढून पाहिलं, त्यात चारही जागेवर.

लढाई संपल्यावर तिचा नवरा ऑफिसात आला. सगळे अंक टेबलावर मांडले.

"एक ठिपका ती माझ्यासाठी मोकळा ठेवायची. 'तुमी घरी आला की जोडीन,' म्हणायची. तुमच्या अंकात समदे जोडलेले. तवाच वळाकलं, काय तरी झालंय. मन घट्ट केलं." मग त्यानं शेवटचा अंक पुढं सरकवला. "ह्यो बघितला आन् वाटलं, हाय ती. वाट बघतीया. लय आनंदानं घरी आलो, बाई."

मला तोंड वर करवेना. "ती मी काढली होती," एवढंच म्हणाले.

त्यानं मोकळ्या ठिपक्यावर बोट ठेवलं. "मग ह्यो ठिपका कुणी सोडला?"

मी माझं मूळ चित्र काढून त्याच्यापुढं ठेवलं.

तेव्हापासून कुणाचंही चित्र दुरुस्त करण्याआधी मी ते काढणाऱ्या बाईला पोस्टकार्ड टाकून विचारू लागले. अंक उशिरा निघू लागले. संपादक बोलत, मी ऐकून घेई.