फायनलसाठी वाढवलेला दिवस

हे मी आजवर कोणालाच सांगितलं नाही. बायकोला नाही, ज्यांच्यासोबत मैदानात घाम गाळला त्या गड्यांनाही नाही. आता तुम्हाला सांगायला बसलोय, तर एक आधीच सांगून ठेवतो — मध्येच माझा आवाज चढेल, मी हरखून जाईन. गोष्ट कबड्डीची आहे, आणि कबड्डी म्हटली की मला भान राहत नाही. तेच तर भोवलं. मला नाही — सुभाषला.

सुभाष माझा लहानपणापासूनचा दोस्त. घाटंजी तालुक्यातल्या आमच्या गावात त्याच्यासारखी पकड करणारा दुसरा झाला नाही. डाव्या कोपऱ्यात वाकून उभा राहायचा, आणि समोरच्याचा घोटा एकदा त्याच्या पंजात आला की संपलं! पण धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, भांडणात त्याच्या काठीचा घाव शेजारच्या शेतकऱ्याच्या डोक्यात बसला आणि तो माणूस गेला. सुभाषला जन्मठेप झाली. घरी उरली एकटी म्हातारी आई. आम्ही तिला काकू म्हणायचो.

काही वर्षांनी त्याला फर्लो मिळाली. पॅरोल आणि फर्लो यांत लोक घोळ करतात. पॅरोलला कारण लागतं — घरात मरण, मोठं दुखणं. फर्लोला लागत नाही. आत नीट वागलात तर काही दिवस घरचं खाऊन या, म्हणून दिलेली ती रजा. काकू जामीनदार राहिली. सुभाषनं रोज ठाण्यात हजेरी लावायची आणि ठरल्या दिवशी, दिवस मावळायच्या आत, जेलच्या दारात उभं राहायचं. वेळेवर गेलात तर पुढची रजा मिळते, चांगल्या वागणुकीची माफी साचत जाते, शिक्षा तेवढी कमी होते. चुकलात तर साचलेलं जातं. हे सगळं मला सुभाषनंच सांगितलं, माझ्या मोटारसायकलवर मागे बसून. म्हणजे मला माहीत नव्हतं, असं म्हणायचीही सोय नाही.

आणि योग बघा — नेमके तेव्हाच गावात खुले सामने! कापसाचा वेचा उरकलेला, शाळेमागची जमीन नांगरून, खडे वेचून, पाणी मारून तयार केलेली, झाडाला भोंगे टांगलेले. राळेगावपासून झरीपर्यंतचे संघ आलेले. आमचा संघ कधी दुसऱ्या फेरीच्या पुढे गेला नव्हता, आणि त्याचा कर्णधार मी. सुभाष धोतराचा काष्टा मारलेल्या म्हाताऱ्यांमध्ये बसून सामना बघत होता. मी त्याला हाताला धरून उठवलं.

"मले जमन का बे आता?" तो म्हणाला.

जमेल का? अहो, पहिलीच चढाई करणारा गडी त्याच्या हातात असा अडकला की पंचांनी शिट्टी वाजवायच्या आधी गाव उठून उभं राहिलं! दुसरी फेरी, तिसरी, उपांत्य सामना — आम्ही जिंकतच सुटलो. बायका कामं टाकून मैदानावर येऊ लागल्या. ज्या घरातलं माणूस त्याच्या हातून गेलं होतं, त्या घरानं मात्र दार लावून घेतलं होतं. ते मी पाहिलं होतं. पाहून पुढे गेलो होतो.

फायनल रविवारी होती, सुभाषला सोमवारी परत जायचं होतं. सगळं जुळलेलं. पण रविवारचे सामने लांबले, उजेड गेला, आणि भोंग्यावरून घोषणा झाली — फायनल सोमवारी दुपारी.

सोमवारी सकाळच्या एसटीनं निघाला तरच तो वेळेत पोचणार होता. म्हणजे फायनल सुभाषशिवाय. तुम्ही काय केलं असतं? नाही, हे विचारणं बरं नाही. तुम्ही काही केलेलं नाही.

सोमवारी सकाळी मी त्याला ठाण्यात घेऊन गेलो. हजेरी लावून तो बाहेर आला, पिशवी खांद्याला, बसस्टँडवर जायच्या तयारीत. मी म्हटलं, तू गाडीजवळ थांब, मी साहेबांशी बोलून पाहतो. आत गेलो. व्हरांड्यात पाण्याचा माठ होता. त्यातलं ग्लासभर पाणी प्यालो — सावकाश, बोलायला लागेल तेवढा वेळ लावून. कोणाशी एक शब्द बोललो नाही. आणि बाहेर आलो.

"साहेबानं जेलात फोन लावला. एक दिवस वाढवून भेटला."

"कागद?"

"कागद मागून येते म्हणे. काहून, माह्यावर भरोसा नाही का बे?"

त्यानं पिशवी खाली ठेवली. त्यालाही खेळायचं होतं, त्याचा चेहरा फुलला होता — पण हे मी माझ्या बाजूनं सांगत नाही. भरोसा नाही का, असं विचारणारा मी होतो.

आणि फायनल! शेवटच्या चढाईला आम्ही एका गुणानं पुढे, त्यांचा सगळ्यात तगडा गडी आमच्या अंगणात. तो बोनस घ्यायला पाय टाकतो न टाकतो तोच सुभाष खालून घुसला, घोटा धरला, बाकीचे आम्ही वरून कोसळलो — आणि शिट्टी! लोकांनी आम्हाला खांद्यावर घेतलं. मी रडलो, हसलो, सुभाषच्या गालाचे मुके घेतले. खोटं कशाला बोलू? माझ्या लग्नाच्या दिवशीही मी इतका खूश नव्हतो. दिवस मावळला, तिकडे जेलच्या दारात त्याची वेळ टळून गेली, आणि गुलाल उधळताना मला त्याची आठवणही नव्हती.

मंगळवारी तो जेलात हजर झाला. माफी कापली गेली, गुन्हा नोंदला, पुढची रजा बंद. चौकशीला हवालदार गावात आला तेव्हा मी काकूच्या ओसरीवरच बसलो होतो. काकू म्हणाली, "साहेब, माहा पोरगा खोटा नाही. त्याले कोणीतरी सांगतलं असन." हवालदारानं माझ्याकडे पाहिलं. मी काकूच्या बकरीला पाला टाकत राहिलो. सुभाषनं आत माझं नावही घेतलं नव्हतं. मी अडचणीत येईन म्हणून तो फक्त म्हणाला होता, मला वाटलं मुदत वाढली.

पुढे काकू खाटेला खिळली. सुभाषनं पॅरोल मागितला. मागच्या वेळी उशिरा हजर झाला, असा शेरा होता — अर्ज नामंजूर. ती दाराकडे तोंड करून पडून असायची. एसटी थांबल्याचा आवाज आला की मला विचारायची, "आला का रे?" तिला अग्नी मी दिला. लोक म्हणाले, पोटच्या पोरासारखं केलं यानं. मी ते ऐकून घेतलं. मडकं धरायची जागा सुभाषची होती, ती मी आधी घालवली आणि मग तिथे मीच उभा राहिलो.

सुभाष आता कायमचा सुटून आलाय. माफीतले कापले गेलेले दिवसही भोगून, त्यामुळे उशिरा. रोज संध्याकाळी आम्ही दोघं पोरांना कबड्डी शिकवतो. पोरं त्याला त्या फायनलचं विचारतात, तोही रंगात येऊन सांगतो, आणि शेवटी माझ्या खांद्यावर हात ठेवतो. "तो साहेब पलटला बरं का, नाहीतर मायची भेट चुकली नसती. पण ह्यानं माह्यासाठी ठाण्यात शब्द टाकलता. ते म्या कधी इसरलो नाही."

पोरं माझ्याकडे बघतात. मी मान डोलावतो. कालही डोलावली.