शेवटच्या नळाचं पाणी

गेल्या मंगळवारी सकाळी सात वाजता सुमनमावशींची फसवणूक झाली, आणि त्यात मी होतो. वस्तीतला कार्यकर्ता म्हणून पाणी तपासायला पाणीपुरवठ्याच्या कर्मचाऱ्यासोबत गेलो होतो. टाकीजवळच्या पहिल्याच नळाचं पाणी औषधाचा थेंब पडताच छान पिवळं झालं. म्हणजे जंतू मारणारं क्लोरीन आहे. 'पाणी शुद्ध' असे कागद आम्ही वस्तीभर चिकटवले. मावशींच्या दारातल्या शेवटच्या नळापर्यंत चालायचा मला कंटाळा आला; तिथवर पोचेपर्यंत क्लोरीन संपलेलं असू शकतं, हे ठाऊक असूनही.

आज त्यांची नात जुलाबाने सलाईनवर आहे. "तुझा कागद बघूनच पाणी उकळायचं सोडलं रे," त्या म्हणाल्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

पत्रकात मी 'शेवटचा माणूस' लिहितो, आणि थांबतो पहिल्या नळापाशी. तुमच्याही भिंतीवर असा कागद असेल. कोणता नळ तपासला, ते आजच विचारा.