नऊ टिकल्यांचा सूर

भुताखेतावर माझा कधी विश्वास नव्हता. पोटामागं पळणाऱ्या बाईला भूत बघायला वेळ कुठं असतो... मी बोलते अन् माझी नात आश्विनी टाईप करती. ती म्हणाली, आजी, लोकं हसतील. हसू द्या.

मी संभाजीनगरात मुकुंदवाडीला राहते. आश्विनी माझ्या लेकीची लेक, कामासाठी माझ्यापाशी राहती. घरात आम्ही दोघीच.

माझे मालक लग्नाच्या बँडात मशीन वाजवायचे — पेटीवानी पट्ट्या, अन् वर लई बटणं. बटणं फिरवून फिरवून ते सूर लावायचे. आताच्यावानी त्यात सूर साठवून ठेवता येत नव्हता. बटण हाललं की सूर गेला. म्हणून मनासारखा लागला की हाक मारायचे, "टिकल्या आण." बटण जिथं थांबलं तिथं माझी टिकली चिकटवायची. निम्मं पाकीट मशीनलाच लागायचं. मी म्हणायचे, "ही सवत माझ्याहून नटती." ते म्हणायचे, "ती कमावती बी."

नऊ टिकल्या लावून त्यांनी बिदाईचा सूर केला व्हता. सनईवानी, पण शेवटाला रडल्यावानी खाली उतरायचा. नवरी निघाली की तो वाजायचा, अन् मांडवातले बापे बी तोंड फिरवायचे.

पिशोरच्या लग्नाहून येताना टेम्पो उलटला. हे जागीच गेले. मशीनला ओरखडा बी नाय. दहाव्याला बायांनी माझं कुंकू पुसलं. माझी जाऊ म्हणाली, आता घरात टिकली दिसायला नको. मंग मी मशीनवरच्या बी काढल्या, एक एक, नखानं. मला काय ठाव, त्यातच त्यांचा सूर व्हता... त्यांच्या बँडातल्या जोडीदारानं मागून लई बटणं फिरवली, नाय लागला. पुढं उंदरांनी वायरी खाल्ल्या, मशीन भंगारात गेलं. त्यांच्या वाजवण्याची एक बी कॅसेट नाय घरात.

आश्विनी लॅपटॉपवर गाणी करती. मागल्या उन्हाळ्यात तिनं एक सॉफ्टवेअर घेतलं, त्यात जुन्या मशिनी जशाच्या तशा दिसतात अन् वाजतात. चित्रातलं बटण बी फिरतं. मालकांचं मशीन मी बघताच ओळखलं. ती म्हणाली, "आजी, टिकल्या कुठं व्हत्या तेवढं सांग, मी आबांचा सूर काढते."

महिनाभर ती बटणं फिरवायची अन् हेडफोन माझ्या कानाला लावायची. मला आठवंना. चाळीस वर्षं लोकाची भांडी घासण्यात गेली.

एका दुपारी ती कामाला गेली. लॅपटॉप आत टेबलावर उघडाच व्हता. मी गहू निवडत बसले, अन् आतून सूर आला. तोच. शेवटाला उतरला बी तसाच, अन् परत सुरू झाला. आत जाऊन बघितलं... पडद्यावर मशीन, बटणं वळलेली, जवळ कोणी नाय.

मला एकच सुचलं — टिकल्या. पडद्यावर चिकटवाव्या, म्हणजे आता तरी सूर जायचा नाय. पण आमच्या घरात टिकली कुठली, आश्विनी बी लावत नाय. शेजारी मंगलच्या दारात गेले. ती हसून म्हणाली, "काकू, कोणाची बिदाई लावली? इथपर्यंत ऐकू येऊ राह्यलं." मी टिकल्यांचं पाकीट मागितलं. तिचं हसू गेलं. माझ्या कपाळाकडं बघत राह्यली. मंग शोधायला लागली, हा ड्रॉवर, तो ड्रॉवर. तिथं मला सूर बारीक ऐकू येत व्हता. पाकीट हातात पडलं तव्हा थांबला.

घरी आले तर पडदा काळा. संध्याकाळी आश्विनीनं चालू केलं, बटणं सगळी पहिल्या जागी. लॅपटॉपचे स्पीकर तर कधीचेच गेलेले, हेडफोनबिगर त्यातून आवाज निघत नाय. अन् हेडफोन दिवसभर तिच्या गळ्यात व्हता. मी सगळं सांगितलं, तिनं वाद नाय घातला. रडली.

कशानं वाजलं, मला ठाव नाय, तिला बी नाय. भास म्हणावं तर मंगलनं बी ऐकलं. चाळीस वर्षांनी त्यांचा सूर घरी आला, पुरा वाजला, अन् मी दुसऱ्याच्या दारात उभी व्हते.